बारावर राहिलेलं कडं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी दारासमोरचा बर्फ ओढत होतो. सकाळचे सव्वासात झाले होते. नर्स म्हणाली, माझी बायको रोलांड पहाटे गेली, झोपेतच. मी "बरं" म्हणालो. मग उरलेला बर्फही ओढून काढला, कारण आता लोक येणार आणि त्यांच्या गाड्यांना जागा लागणार.

पहिला आला तो तिचा धाकटा भाऊ एड्रिअन. बूट न काढताच तो टेबलाशी बसला आणि रडला. मग नाक पुसून म्हणाला, "नोव्हेंबरात तो नेम चुकला ना, तिथेच ती खचली. आजार मागाहून आला. एक्केचाळीस वर्षं शिकार केलेली बाई वीस पावलांवरचं हरीण चुकवते? डोळे गेले होते रे तिचे, लायनेल."

मी त्याच्या कपात कॉफी ओतली.

रोलांडचे डोळे गेले नव्हते. वय सहासष्ट होतं, एवढंच. बंदुकीच्या टोकावरची नेम धरायची माशी तिला पुसट दिसायला लागली होती. त्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "क्लोव्हिसच्या दुकानातून बंदुकीवर बसवायची दुर्बीण आण. अडीच पटीची, साधी. फिरवायचं कडंबिडं काही नको."

"मोठी घेतली तर जास्त दिसेल की."

"जास्त नाही, जवळचं दिसतं. आपल्या जंगलात चाळीस पावलांपुढे फरच्या झाडांच्या फांद्याच. मला हरणाच्या पापण्या मोजायच्या नाहीत. दोन्ही डोळे उघडे ठेवून बंदूक उचलली की अख्खं हरीण समोर पाहिजे, बस्स."

क्लोव्हिसनेही तीच काढून दिली. बर्फाच्या पाण्याच्या बादलीतून बाहेर काढून त्याने ती माझ्या हातात ठेवली. "बघ, आत वाफ धरत नाही. वीस वर्षं टिकेल." मी तिच्याशेजारची उचलली. चार ते बारा पट, कडं फिरवून कमीजास्त करायची. क्लोव्हिस म्हणाला, "रोलांड जंगलात जातेय की चंद्रावर?" मी हसलो आणि ती मोठीच बांधून घेतली. बायकोला भारीतली वस्तू द्यावी असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मलाही तिच्यातून बघायचं होतं. मी शिकारी नाही. शिकारीच्या कॅम्पवर स्वयंपाक करतो.

तिने खोका उघडला आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर चुलीचं धुराडं आहे." पण मी आणली म्हणून बसवून घेतली. खडीच्या खाणीत जाऊन नेम जुळवला आणि कडं चारवर आणून ठेवलं. मला म्हणाली, "हे इथेच राहणार. तुझे हात दूर ठेव."

थंडीतून उबेत आणली की काच धुरकटते, म्हणून कॅम्पवर बंदुका रिकाम्या करून बाहेर ओसरीतल्या खुंट्यांवर टांगतात. हंगामाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे रानात होते आणि रोलांड आत आडवी झाली होती. दलदलीच्या पलीकडच्या काठावर घोड्याएवढा एक मूस, हरणाचाच जातभाई, पाण्यात येऊन उभा राहिला. मी तिची बंदूक काढली, गोळी नाही हे बघितलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. कडं बारापर्यंत फिरवलं. त्याच्या हनुवटीवरून गळणारे पाण्याचे थेंबसुद्धा दिसले. तेवढ्यात आत घेवड्याचं पातेलं उतू गेल्याचा वास आला. मी बंदूक खुंटीवर टांगली आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी ती अंधारातच बंदूक घेऊन निघाली. कड्यावरचा आकडा अंधारात दिसत नाही. साडेसातच्या सुमारास एकच बार ऐकू आला. एड्रिअन धावत तिच्याकडे गेला. दोघं दुपारपर्यंत माग काढत फिरले. रक्त नाही, केस नाही. गोळी नुसती गेली होती.

परतल्यावर बंदूक ओसरीत टांगून ती आत आली आणि म्हणाली, "उचलली तर काचेत नुसते तपकिरी केस. मान कुठे, पाठ कुठे, काही कळेना. तो उडी मारणार असं वाटलं म्हणून चाप ओढला."

मी सरपण आणायला म्हणून बाहेर गेलो. कडं बारावरच होतं. मी ते चारवर आणलं. आदल्या दिवशी विसरलो होतो. हे मात्र विसरणं नव्हतं.

कॅम्पवर रीत आहे. ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि दारावर खिळ्याने ठोकायचं. एड्रिअनची तिथे चार टोकं आहेत, चारही रोलांडने कापलेली. तिचं एकही नव्हतं. एड्रिअनने चाकू काढला तेव्हा सगळे टेबलं बडवायला लागले.

"वाक, म्हातारे, वाक! एक्केचाळीस वर्षं वाट बघितलीय."

"सरळ काप रे. शिवायचं मलाच आहे."

"शिवू नकोस. पुढच्या वर्षी दुसरं टोक लागेल."

ती हसली. सगळ्यांपेक्षा जोरात हसली. मी चुलीकडे तोंड करून घेवडा ढवळत होतो.

जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होतो आणि ती पुसत होती. हळूच म्हणाली, "लायनेल, तू त्या कड्याला हात लावला होतास का?"

"नाही."

"चारवरच आहे. बघून आले मी." तिने ताटली ठेवली. "म्हणजे डोळेच."

त्यानंतर ती रानात गेली नाही. डिसेंबरात बंदूक एड्रिअनला देऊन टाकली. गाडी चालवणंही सोडलं. म्हणाली, हरीण दिसत नाही त्या माणसाने रस्त्यावर कशाला जायचं. चर्चला, दुकानाला मीच न्यायला लागलो. जानेवारीत पोटातला आजार कळला आणि महिनाभरात ती संपली. आजार माझ्यामुळे आला नाही, हे मला कळतं. पण शेवटचे तीन महिने ती स्वतःला निकामी समजत होती. ते माझ्यामुळे.

एप्रिलमध्ये एड्रिअन आला. तिच्या बंदुकीची दुर्बीण बदलायची होती. म्हणाला, "चल क्लोव्हिसकडे. एवढं मोठं भोंगाडं फांद्यांत अडकतं."

क्लोव्हिसने अडीच पटीची काढली. एड्रिअनने दुकानाच्या दारात उभं राहून ती डोळ्याला लावली, रस्त्यावरच्या खांबावर, मग कुत्र्यावर. "दोन्ही डोळे उघडे आणि सगळं दिसतंय! हीच आणायला हवी होती रे तेव्हा."

क्लोव्हिस माझ्याकडे बघत म्हणाला, "हीच दाखवली होती मी."

"जाऊ दे," एड्रिअन म्हणाला, "तिला कुठलीही दिली असती तरी काय उपयोग? दिसतच नव्हतं बिचारीला." मग दुर्बीण खाली ठेवली. "लायनेल, कॅम्पवरचं ते तिचं टोक काढून टाकू का? तुला बघवायचं नाही."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. दुकानात आम्ही तिघंच होतो. मी म्हणालो, "राहू दे. बरोबर झाकणंही घे. काचेवर पाणी पडतं."

त्याने झाकणं घेतली. येताना गाडीत तो तिच्याबद्दलच बोलत होता. बहिणीचे डोळे जाताहेत हे आपल्याला आधी कसं कळलं नाही, याचं त्याला वाईट वाटतं. ते टोक अजून दारावर आहे, तिच्या नावाचं. एड्रिअनला मी अजून काही सांगितलेलं नाही.