एकोणचाळीस ठिपके

थांबा, माझी घडी घालू नका. मी बोलतोय, हाताने काढलेला रणांगणाचा नकाशा. वय अडीचशेच्या आसपास, पण आज मला अजिबात दम धरवत नाहीये, म्हणून सगळं भराभर सांगून टाकतो.

लढाईच्या दुसऱ्याच दिवशी मी जन्मलो. मला काढणारा फौजेतला नकाशेवाला. पावलं मोजत त्याने अख्खं मैदान पायाखाली घातलं, मग तोफेच्या गाड्यावर मला पसरलं. नदी, टेकडी, दोन्हीकडच्या तोफा, सगळं जागच्या जागी काढलं. शेवटी नदीकाठी एकोणचाळीस ठिपके दिले. तिथे त्याचे सोबती पुरले होते. त्या ठिपक्यांची शाई फुटली आहे, बघा.

पुढे कपाटांतून फिरलो. तज्ज्ञ यायचे, भिंग लावायचे आणि नाक मुरडायचे. नदी टेकडीच्या पश्चिमेला आहे, यात पूर्वेला दाखवली, म्हणायचे. एकाने तर कोपऱ्यात ‘चुकीचा’ असा शिक्काच हाणला. माणसांना शिक्क्यांचा सोस फार!

आता त्या नदीवर पूल होतोय. उद्यापासून खांबांचे खड्डे खणणार. माझी डागडुजी करणाऱ्या ताईने पुलाच्या साहेबांना परोपरीने विनवलं, की तिथे कुठेतरी माणसं पुरलेली आहेत, खणू नका. चुकीच्या नकाशावर काम थांबत नाही, नक्की जागा आजच दाखवा, असं उत्तर आलं. माझा जीव टांगणीला लागला.

दुपारी तिचे वडील डबा घेऊन आले. जमीनमोजणीत हयात घालवलेला माणूस. तिच्यासमोर टेबलापलीकडे बसले आणि डबा राहिला बाजूला, माझ्याकडेच टक लावून बघत राहिले.

“नदी बरोबर आहे की गं.”

“बाबा, तुम्ही उलटीकडून बघताय.”

“मी नाही, तू. तुझ्याकडून वरच्या बाजूला कुणाच्या तोफा आहेत?”

“शत्रूच्या.”

“मग झालं तर. लढणाऱ्याला उत्तरेशी काय करायचंय? समोर शत्रू, तोच वर. इथे शत्रू दक्षिणेला होता.”

ताईने मला गर्रकन फिरवून आजच्या नकाशाशेजारी ठेवलं. वळणाला वळण जुळलं! आनंदाने मी फाटायचाच बाकी होतो. ठिपके नेमके दुसऱ्या खांबाच्या जागी निघाले. तिने तडक फोन लावला.

“साहेब, जागा सापडली. इथे एकोणचाळीस जण पुरलेले आहेत. खणू नका.”

मग साहेबांनी खांब सरकवायचं कबूल केलं.

आता मला भिंतीवर लावणार म्हणे. लावा, पण एक ऐका. उत्तर वर करून मला सुलटा करू नका. ते एकोणचाळीस जण शेवटपर्यंत दक्षिणेकडेच तोंड करून उभे होते.