खालची पट्टी

कुंदाबाईने बेबाबाईच्या अंगणात पाय ठेवला आणि कोणी 'या' म्हणायची वाट न बघता ओट्यावर टेकली. बेबाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिचे हात थांबले. समोरच्या घराच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना दिसावं म्हणूनच की काय, कुंदाबाईने डोक्यावरचा पदर नीट करून मान ताठ केली.

"अक्का, तुमी आठे?"

"माले तुनाशी बोलनं शे."

शब्द बाहेर आले ते ओल्या लाकडावर करवत फिरावी तसे. उन्हाळ्यात धुळ्याला कुंदाबाईच्या गळ्यातली गाठ काढली होती. गाठ गेली, जीव वाचला. पण आवाज मात्र गेला तो परतला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलता येईल, वरचं गाणं आता विसरा.

हा तोच आवाज, जो श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला नदीच्या पलीकडच्या मळ्यातही ऐकू जायचा.

गावातल्या बायांचं भजनी मंडळ बहात्तरच्या दुष्काळातलं. पारोळ्याच्या रस्त्यावर खडी फोडताना भिकुबाई नावाची म्हातारी एक ओळ म्हणायची आणि साऱ्या बाया घणाच्या ठोक्यावर ती उचलायच्या. पाऊस आला, काम सुटलं, गाणं राहिलं. भिकुबाईने मरताना टाळ कुंदाबाईच्या हाती दिले. तिच्या उजव्या हाताला बेबाबाई बसायची, भावकीतली धाकटी जाऊ. कुंदाबाईने ओळ टाकावी आणि बेबाबाईने ती अलगद झेलावी, असं कितीतरी वर्षं चाललं.

मग सरपंचपद बायांसाठी राखीव झालं. पुरुषांनी दोन पॅनल उभी केली आणि दोघींना एकमेकींसमोर उभं केलं. बेबाबाई निवडून आली. मिरवणुकीतल्या पोरांनी कुंदाबाईच्या दारावर गुलाल फेकला. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या बाया बेबाबाईबरोबर मारुतीच्या पाराशी गाऊ लागल्या, अर्ध्या कुंदाबाईबरोबर विठ्ठलाच्या देवळात. दोन्हीकडे गाणं अर्धंच राहिलं.

आता मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. कोजागिरीच्या आधी पारोळ्याला बायांच्या मंडळांची स्पर्धा होती.

"यंदा तू गा," कुंदाबाई म्हणाली. "पारन्या, देवळन्या, बठ्ठ्या एकत्र बसूत. मी मांगे बससू."

बेबाबाईने सूप खाली ठेवलं. "दोन साल तुमी मना दारकडे देखं नही. आते आवाज गया म्हनीसन उन्यात."

"हा. आवाज गया म्हनीसनच उनू. आवाज ऱ्हाता तं नही येती."

बेबाबाईने उठून पाण्याचा तांब्या आणला. कुंदाबाई पाणी प्यायली. समोरच्या दारातल्या बाया आत गेल्या.

घरी रुपचंद, कुंदाबाईचा नवरा, पेटून उठला.

"तिना दारे गयी? बठ्ठा गावना देखत?"

"उजेडमाच गयू."

"मनं नाक कापं तू!"

"नाक तुमनं शे," कुंदाबाई भाकरी थापत म्हणाली. "मंडळ मनं शे."

तालमीच्या पहिल्या दिवशी बाया दोन बाजूंना बसल्या, मध्ये सतरंजीचा पट्टा मोकळा. कुंदाबाईने एकेकीचा दंड धरून उठवलं आणि पाराची एक, देवळाची एक, अशा खेटून बसवल्या. कोणी कुरकुरली की ती फक्त बघायची. मग स्वतः सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसली आणि मांडीवर ताल धरू लागली. बेबाबाई छान गात होती. वरच्या सुरात तिचा गळा आता जास्तच मोकळा लागत होता. पण प्रत्येक ओळीनंतर ती मागे वळून बघायची. ठीक असलं की कुंदाबाई मान हलवायची. ती मान हलवणं तिला किती जड जात होतं, ते कोणाला दिसलं नाही.

स्पर्धा किल्ल्याजवळच्या मैदानात, भर दुपारी होती. मांडव माणसांनी फुलला होता. आधीचं मंडळ उतरलं, यांच्या बाया वर चढून बसल्या. पेटीवर पुना होता, गावचा शिंपी. त्याने रोजचा सूर धरला.

"खाले घे," बेबाबाई म्हणाली.

पुनाने एक पट्टी उतरवली.

"आखो खाले."

"बेबाताई, इतली खाले? तुमना आवाज दबी जाई."

"आठेथीनच धर."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मागे बसलेली कुंदाबाई पुढे झुकली. इतके दिवस खपून जमवलेलं मंडळ, आणि ही बाई ऐन वेळी साऱ्या मांडवासमोर ते बुडवणार! निवडणुकीचा डाव अजून सरला नव्हता तर. तिने उठण्यासाठी हात टेकला, पण तोवर ढोलकी सुरू झाली होती.

बेबाबाईने कानबाईच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. आवाज खरंच दबला. मांडवात चुळबुळ झाली. बायांनी ओळ उचलली, परत दिली. दुसऱ्या ओळीची जागा आली आणि बेबाबाई गप्प राहिली. पेटी फिरून त्याच जागी आली. बेबाबाई बसल्या जागी वळली, आणि दोन बायांच्या खांद्यांमधून कुंदाबाईकडे बघत राहिली.

पेटी तिसऱ्यांदा फिरून आली.

कुंदाबाईने टेकलेला हात उचलला. तोंड उघडलं. जे निघालं ते गोड नव्हतं. जाड होतं, खरबरीत होतं, जमिनीलगत सरपटणारं होतं. पण सुरात होतं. बेबाबाईने ती ओळ पूर्वीसारखी झेलली. मग बाकीच्या बाया आल्या.

नंबर लागला नाही. ढाल अमळनेरकडच्या एका मंडळाला गेली.

परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळ्या दाटीने बसल्या होत्या. पाराकडची सुगंधाबाई न राहवून बोललीच.

"बेबा, उंच गाती तं पहिला नंबर लागता."

"नंबर दर साले लागस, कोनले ना कोनले," बेबाबाई म्हणाली. मग पेटी मांडीवर धरून बसलेल्या पुनाकडे वळली. "पुना भाऊ, पुढना साले बी हाईच पट्टी ठेवजो."

ट्रॉली खड्ड्यातून गेली, साऱ्या बाया एकमेकींवर आदळल्या. कुंदाबाईने बेबाबाईच्या खांद्याचा आधार घेतला. आणि तो तसाच धरून ठेवत, आपल्या त्या करवती आवाजात म्हणाली,

"मंग सकायमा मना घर येत जाय. खालना सूर तुना कच्चा शे."