खोलीचा आवाज

चित्रीकरणाच्या झगझगीत दिव्यांत बर्नरची निळी ज्योत दिसेनाशी होते. रंगमंचावर ती शेवटच्या रांगेतूनही दिसायची; कॅमेऱ्यासाठी मात्र मला हवेचं भोक बंद करून ती पिवळी करावी लागली.

हॅलिफॅक्समधल्या आमच्या शाळेच्या नाटकाचा आता चित्रपट होत होता, आणि तोही माझ्याच भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. माझी विद्यार्थिनी लिनेट होलरॉइड त्यातली बंडखोर मुलगी झाली होती. नाटकातली ही मुलगी केंब्रिज विद्यापीठात मिळालेली जागा नाकारते. "तुमचं केंब्रिज तुम्हालाच लखलाभ. मी जाणार नाही!" या वाक्याला प्रत्येक प्रयोगात टाळ्या पडायच्या.

पंचाईत अशी, की लिनेटला खरोखरच केंब्रिजला जागा मिळाली होती. उत्तर कळवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी विचारलं की एकच उत्तर, "बघते, मिस."

"ओरडू नकोस गं," दिग्दर्शकबाई म्हणाल्या. "कॅमेरा हातभर अंतरावर आहे. आईशी बोलतेस तसं बोल."

लिनेट हळू बोलली. जमलं नाही. पुन्हा बोलली, तरी नाही.

"प्रयोगात टाऊन हॉलच्या भिंती हलवल्या होत्यास की!" तिचा वर्गमित्र नायजेल म्हणाला. "आज काय घसा बसला?"

"तू गप रे. तुला आहेत दोनच वाक्यं."

"पण दोन्ही पाठ आहेत."

सगळे हसले, तीही हसली. मग माझ्याजवळ येऊन पुटपुटली, "मिस, ओरडताना ते खरं वाटायचं. हळू म्हटलं की खोटं वाटतं."

"मग तुझ्यापुरतं खोटंच असेल. वाक्य त्या मुलीचं आहे."

"पण अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्यात. आता कुठल्या तोंडाने..."

"टाळ्या अभिनयाला होत्या, लिनेट. तोच कर."

ती परत गेली, त्या मुलीकडे जरा लांबून पाहिल्यासारखी उभी राहिली, आणि या वेळी वाक्य एका फटक्यात जमलं. दिग्दर्शकबाईंनी तिला मिठीच मारली.

"आता कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही," ध्वनिमुद्रक म्हणाला. "खोलीचा आवाज घेतो."

प्रसंग झाला की ते नुसती शांतता मुद्रित करून ठेवतात. आम्ही जागच्या जागी थिजलो. गरम पाण्याचा पाइप भिंतीत टकटकत होता. नायजेलने हसू दाबून गाल फुगवले होते. लिनेट माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मी ओठांवर बोट ठेवलं, पण उशीर झाला होता.

"मी जाणार आहे, मिस," ती म्हणाली, अगदी आईशी बोलावं तशी. "केंब्रिजला. मला जायचंय."