कुंपणावरची पाटी

आमच्या गावातली बाप्ये माणसं, पोटं सुटलेली, नातवंडं झालेली, रविवारी चर्चमधून सुटली की घरी येत नाहीत. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये टेबलं मांडून बसतात आणि लहानपणी च्युइंगगमसोबत फुकट मिळालेली बेसबॉलवाल्यांची कार्डं एकमेकांच्या नाकाखाली धरतात. बायकोने नवा झगा घातला तर वर्षभर दिसत नाही. कार्डावरच्या टोपीचा लाल रंग कणभर फिका असला की मात्र पलीकडच्या टेबलावरून दिसतो.

माझा नवरा स्टॅन त्यांच्यातलाच, पण त्याला माझी माफी होती. त्याने ती कार्डं जमवली तेव्हा तो खरंच पोर होता. सत्तावन्न सालचा अख्खा सेट त्याने दाढा किडवून गोळा केला होता. पुढे पोलादाच्या कारखान्यातून आला, की हात घासूनपुसून धुवायचा आणि मग अल्बमला हात लावायचा. मला कधी एवढे हात धुऊन जवळ घेतल्याचं आठवत नाही. जाताना घर, गाडी आणि तो अल्बम माझ्या नावावर ठेवून गेला.

आमचा नॉर्बर्ट पन्नाशीला आलाय. बाप गेल्यावर त्याने अल्बम चाळला आणि मला सांगितलं की बाबांचा सेट अपुरा आहे.

अपुरा कसा, तर लेफ्टी डॉम्बेकमुळे. हा डॉम्बेक म्हणजे चेंडू टाकायचा थोडा आणि मार खायचा फार. त्याचा फोटो काढला तेव्हा मागच्या कुंपणावर बियरची तांबडी पाटी होती. कार्डं निघाली, आयांनी बोंब मारली की पोरांच्या गमच्या पुड्यात दारूची जाहिरात कशाला, आणि कंपनीने पुढच्या छपाईत पाटीवर हिरवा रंग फासला. बाकी सगळं तेच. दोन कार्डं शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी. फरक एवढाच, की एकीत डॉम्बेकच्या कोपराखाली नखाएवढं तांबडं दिसतं, दुसरीत नाही. आमच्याकडे हिरवा डॉम्बेक होता. साठ वर्षं त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

तांबडा डॉम्बेक होता ड्वेन फिस्टरकडे. हा फिस्टर हॉलमध्ये दाराजवळचं टेबल अडवून बसतो, करंगळीत अंगठी, पोट टेबलावर टेकवलेलं. त्याने नॉर्बर्टला सांगितलं, पैसे नकोत, तुमच्या अल्बममधली नऊ कार्डं दे, माझ्या पसंतीची. आणि पसंत केली ती कुठली? ज्यांची नावं ऐकून हा गाव अजून टोपी काढतो, ती.

मी नॉर्बर्टला विचारलं, "तोंडात एक दात कमी आहे, म्हणून नऊ उपटून देणार का?"

"आई, तुला नाही कळायचं. ते नऊ कुठेही मिळतात. हा मिळत नाही."

"पाच पायांची गायही मिळत नाही. दूध जास्त देते का?"

तर रुसला. एवढा बाप्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बटाटा भरलेल्या पिरोगी न खाता गेला. येता-जाता तेच पालुपद, की बाबांची इच्छा होती. स्टॅनची इच्छा काय होती ते मला विचारायला हवं होतं. पन्नास वर्षं त्याच्यासमोर जेवायला मी बसत होते. शेवटी एका रविवारी अल्बम काखेत मारला आणि चर्चच्या कोटातच हॉलमध्ये गेले. मनाशी ठरवून गेले होते की स्टॅनचं एकही कार्ड त्या टेबलावर राहणार नाही.

त्या हॉलची एक रीत आहे. टेबलावरून हात मिळवला की व्यवहार झाला. मग आपले फादर स्वतः आले तरी तो मोडत नाही.

फिस्टरने डॉम्बेक दाखवला. जाड प्लॅस्टिकच्या डबीत, चारही कोपऱ्यांना स्क्रू. नॉर्बर्ट भिंग लावून असा वाकला, की जणू डॉम्बेक काहीतरी कानात सांगणार होता. पाटीच्या तांबड्यात छपाईचे ठिपके दिसत होते, म्हणजे ब्रशने रंगवलेली नव्हती. पण लबाडीचा दुसरा प्रकार स्टॅनने मला जेवताना इतक्यांदा ऐकवला होता की मी झोपेत सांगेन. खऱ्या कार्डाचा फाटका-मळका भाग सोलून टाकतात आणि चांगला चेहरा दुसऱ्या कार्डाच्या पाठीवर चिकटवतात. ते फक्त कडेवरून कळतं, तिथे दोन थर दिसतात. आणि डबीत कड झाकलेली.

मी म्हटलं, डबी उघड.

फिस्टर हसला. "बाई, ह्याला डबीतून काढणं म्हणजे बाळाला काचेच्या पेटीतून काढणं."

"साठ वर्षांचं बाळ आहे. बाहेरची हवा सोसेल त्याला."

आजूबाजूचे चारजण हसले. नॉर्बर्टचे कान लाल झाले. त्याने हळूच सांगितलं की लोक बघताहेत. बघू देत म्हटलं, बघायलाच तर जमलेत. फिस्टर टाळाटाळ करू लागला, कोपरे दुखावतील, हवा दमट आहे. मला खात्रीच पटली. करंगळीत अंगठी घालणारा माणूस खरं विकत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कड दाखव. एकच थर निघाला तर अल्बम तुझ्यासमोर उघडते, तुझी नऊ काढून घे. नाही निघाला तर पुन्हा माझ्या पोराशी बोलायचं नाही." आणि हात पुढे केला.

त्याने हात मिळवला. मग खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि शांतपणे एकेक स्क्रू सोडवला.

कार्ड पारखायला अँब्रोस टुटकोला बोलावलं. त्या हॉलमध्ये त्याचा शब्द शेवटचा, आणि फिस्टर जसा मला आवडत नाही, तसा त्यालाही नाही. त्याने कार्ड आडवं धरलं, उभं धरलं, चारही कडा भिंगाखाली फिरवल्या. मग तोंड कडू करून बोलला, "एकच पुठ्ठा आहे, बर्नडीन. खरं आहे."

फिस्टर खरं बोलला होता. त्याच्यासारख्याने असं करावं, ह्याचा मला अजून राग आहे.

नॉर्बर्ट माझ्याकडे बघत राहिला. अल्बम माझा होता. मी तो मिटून कोटात घातला असता तर तिथल्या एकाचीही मला अडवायची छाती नव्हती. पण हात दिला होता, आणि आम्हा वोयचिकांच्या घरात दिलेला हात मागे घ्यायची पद्धत नाही. ती फिस्टरसारख्यांना शोभते. मी अल्बम उघडला. त्याने चिमट्याने एकेक कार्ड उपसलं. त्यातलं एक स्टॅन प्रत्येक पाहुण्याच्या हातात द्यायचा. ते वर धरून फिस्टरने नाक मुरडलं, कोपरे मऊ झालेत म्हणाला.

"माणसांचे हात लागलेत त्याला," मी म्हटलं. "तुला ओळखू येणार नाही."

तरी त्याने घेतलं.

घरी आल्यावर नॉर्बर्टने माझ्या टेबलावर दोन्ही डॉम्बेक शेजारी ठेवले. आई, बाबांचा सेट पूर्ण झाला, म्हणाला, आणि डोळे पुसले. मी अल्बमची पानं उलटली. नऊ खिडक्या रिकाम्या. त्या पानांवरून तो भराभर पुढे जायला बघत होता.

"ह्यांचं काय?"

"ती काय, सगळ्यांकडे असतात."

"होय. आता तुझ्याकडेच नाहीत."

मी अल्बम त्याच्या पुढ्यात सरकवला आणि घेऊन जा म्हटलं. आई, हा तुझा आहे, म्हणाला. माझा होता तो मी फिस्टरला देऊन आले, हा तुझा, असं सांगून मी भांडी घासायला उठले.

आता तो दर रविवारी फिस्टरच्या टेबलापाशी घुटमळतो. नऊ परत हवेत. फिस्टर देईन म्हणतो, पाटीवाला डॉम्बेक घेऊन ये. मात्र नऊ नाही, आठच देईन; एक त्याला ठेवायचंय.

नॉर्बर्ट विचार करतोय.