दोन रेघांवरचा ठसा

मित्रांनो, टोकियोजवळच्या नव्हे, टोकियोतल्याच फुनाबोरीतल्या एका घराच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या किल्ल्या आणि रबरबँडांच्या शेजारी, करंगळीएवढा लाकडी तुकडा पडलेला आहे. तो मी. मी कश्मिराचा जुना शिक्का आहे.

जपानमध्ये सहीऐवजी शिक्का मारतात. परदेशी माणसाची सहीही चालते, पण कश्मिरा पडली हौशी. बँकेच्या नोकरीसाठी मुंबईहून आली आणि पहिल्याच महिन्यात तिने मला करून घेतलं. म्हाताऱ्या कारागिराने पिवळसर लाकडावर तिचं नाव जपानी अक्षरांत उलटं कोरलं. "सुलट उमटलं की तुम्ही इथल्या झालात," तो म्हणाला. गिऱ्हाईक खूश करायला लोक काय वाटेल ते बोलतात.

माणसं मला हाताच्या दाबावरून कळतात. ज्याने कागद वाचलेला नाही, तो हलकेच टेकवतो. घाबरलेला जोरात दाबतो. कश्मिरा मात्र आधी फुंकर घालायची, मग सावकाश दाबायची.

घराच्या करारावर तिने आणि ज्योत्स्नाने शेजारी शेजारी शिक्के मारले. ज्योत्स्ना विद्यापीठात संशोधक. घरमालक म्हणाला, "दोघी मैत्रिणी? वा, अगदी बहिणींसारख्या!" दोघी गालात हसल्या. त्या जोडीदार आहेत हे सांगितलं असतं, तर घर मिळालं नसतं.

मग दोघींच्या विचाराने ईश्वरी झाली. जन्म ज्योत्स्नाने दिला, म्हणून ती आई. रात्रंदिवस खांद्यावर घेऊन फिरली कश्मिरा, म्हणून ती माई. पाळणाघराच्या वहीत रोज सकाळी लिहायचं: ताप किती, झोप किती, काय खाल्लं. त्याखाली माझा ठसा. चार वर्षं मी तिथे उमटलो. "माई-सान किती नीट लिहितात!" असं कौतुकही झालं. त्या वहीत कुणी नातं विचारलं नाही. कामं करायला नातं लागत नाही, मित्रांनो.

गेल्या वर्षी ईश्वरी बागेतल्या घसरगुंडीवरून पडली. कोपराचं हाड सरकलं. ज्योत्स्ना परिषदेसाठी कोबेला गेलेली. कश्मिराने पोरीला उचललं आणि रुग्णालय गाठलं. डॉक्टरांनी हात बांधला, दुखणं कमी करायचं औषध दिलं. पण बेशुद्ध करून हाड बसवायचं, तर पालकांची संमती हवी. कश्मिराने फॉर्ममध्ये 'आई'च्या पुढे स्वतःचं नाव लिहिलं. फुंकर घातली. मला टेकवलं.

फॉर्म घेणाऱ्या खिडकीमागची बाई फार गोड बोलायची. "माफ करा, कश्मिरा-सान. जन्म तुम्ही दिलात?"

"नाही. पण मुलगी माझीच आहे."

"हो, हो, अगदी. कायद्याने दत्तक घेतलंय?"

"तुमचा कायदा आमचं लग्न तरी मानतो का?"

"खरंच वाईट वाटतं. मग हे खोडू या."

इथे लिहिलेलं खोडायचीही रीत आहे. नावावर दोन सरळ रेघा मारायच्या, आणि त्या रेघांवर शिक्का मारायचा. ज्याने लिहिलं, त्याचाच. बाईने पट्टीसुद्धा दिली.

कश्मिराने ज्योत्स्नाला फोन लावला. ज्योत्स्ना ओरडली, "अगं, मी फोनवर हो म्हणते ना!"

"फोनला शिक्का नसतो, बाईसाहेब. पहिली शिंकान्सेन गाडी पकड."

मग तिने पट्टी लावून दोन रेघा ओढल्या. या वेळी फुंकर घातली नाही. इतकं जोरात दाबलं की माझ्या कडेचा टवका उडाला. आणि तरी सांगायला लाज वाटते मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ ठसा तोच.

चार तास ईश्वरी "इताई, इताई" करत कण्हत होती. दुखलं की ती जपानीच बोलते. मधेच म्हणाली, "माई, तू सांग ना त्यांना."

"सांगितलं, राणी."

"मग?"

कश्मिराने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

ज्योत्स्ना धावत आली, एक सही केली आणि दहा मिनिटांत पोरीला आत नेलं. ना कुणी तिला नातं विचारलं, ना वहीतलं ताप किती, झोप किती.

घरी आल्यावर ईश्वरीने मला पर्समधून काढलं आणि पांढऱ्या प्लास्टरवर मनगटापासून कोपरापर्यंत माईचं नाव उठवलं. दीड महिन्याने डॉक्टरांनी प्लास्टर कापलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दोन रेघांचा तो कागद मात्र रुग्णालयाने फाईलमध्ये जपून ठेवला आहे.

कश्मिरा आता सही करते. मी ड्रॉवरमध्ये. शाई सुकून अक्षरं बुजत चालली आहेत.

मित्रांनो, शिक्क्याची निगा सोपी असते. वापरून झाला की पुसायचा आणि डबीत ठेवायचा. तेवढीच निगा माणसाच्या नावाची ठेवा. उद्या तुमच्यातलं कुणी त्या खिडकीमागे बसेल. समोरच्या बाईचं नाव रकान्यात बसत नसेल, तर तिच्या हातात पट्टी देऊ नका. रकाना बदला.