मी मुदत संपलेला दाखला

मित्रांनो, मी एक जुना दाखला आहे. शिक्क्याचा नव्हे, वेबसाइटच्या सुरक्षेचा. दौंडच्या एका नर्सिंग शाळेच्या वेबसाइटवर मी दोन वर्षं राबलो. कुणी ती उघडली की मी पुढे व्हायचं आणि सांगायचं, ही शाळा खरीच आहे, तुमची माहिती वाटेत कुणी वाचणार नाही. दिवसातून शंभरदा तेच! शाबासकी एकदाही नाही. सगळं सुरळीत चाललं की माझ्याकडे बघतो कोण?

माझी मुदत दहा जून २००८ ला संपणार होती. महिनाभर आधीपासून शाळेच्या ईमेलवर सूचना येत होत्या. तो ईमेल बघायचे कारकून सोपानराव. "करू की निवांत," म्हणायचे. प्रवेशाची गडबड होती, कबूल. पण मुदत संपली आणि ज्याच्या त्याच्या पडद्यावर धोक्याचा इशारा यायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यवतला मेहमूदचाचांचं फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. इशारा दिसल्यावर त्यांनी शाळेला फोन करावा की नाही? त्यांनी संगणकाची तारीखच आठवडाभर मागं घेतली! "आता कसं गप बसलं," म्हणाले. माझी मुदत अजून बाकी आहे असं समजून संगणक फसला, इशारा गेला. मी थकलेला, संपलेला, तरी मला पुन्हा कामाला जुंपलं.

दुसऱ्या दिवशी, बारा तारखेला, आसमीन आली. नुकतीच बारावी झालेली.

"चाचा, नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. अब्बा म्हणलेत, यंदा नंबर लागला तर शीक, न्हाईतर लग्न ठरवतो. शेवटची तारीख कवा हाय?"

"चौदा." चाचांनी सवयीनं पडद्याचा कोपरा बघितला. तिथं पाच तारीख. आपणच ती मागं घेतली, हे ते साफ विसरले होते. "लई दिवस हायेत, बेटा. अब्बांची सही लागंल."

"अब्बा रांजणगावला कंपनीत. रविवारी येत्यात."

"मग सोमवारी ये की. घाई काय?"

चाचांच्या शब्दावर भरवसा ठेवून ती गेली. मी आतल्या आत तळमळलो. पण दाखल्याला तोंड कुठं असतं!

सोमवारी ती सही घेऊन धावत आली. पडद्यावर एकच ओळ होती, 'अर्ज स्वीकारणे बंद.' चाचांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सोळा तारीख. संगणकाची तारीख आपणच मागं घेतली होती, हे त्यांना आता आठवलं. "बेटा, चूक माझी हाय."

त्यांनी लगेच सोपानरावांना फोन लावला, झालेलं सगळं सांगितलं, गयावया केली. "यादी वर गेली हो, आता माझ्या हातात न्हाई," सोपानराव म्हणाले.

आसमीन रडली नाही. कागदाची घडी घालत म्हणाली, "अब्बांनी एवढंच साल दिलं हुतं, चाचा."

त्याच संध्याकाळी ओशाळलेल्या सोपानरावांनी नवा दाखला मागवला. अर्ध्या तासात तो माझ्या जागी बसला. अर्धा तास, मित्रांनो! तेवढ्यासाठी सगळं झालं.

म्हणून सांगतो, आमच्या तारखा वेळेवर बघत जा. मुदत संपली तर नवा दाखला आणा, घड्याळाला खोटं बोलायला लावू नका. मला आता कुणी बोलावत नाही, त्याचं दुःखही नाही. थकलोय मी. पण आसमीनला पुढचं साल मिळालं का, हे मला अजून कळलेलं नाही.