सोफेवाल्यांचं घोरणं

सोफेवाले घोरत नाहीत, हे त्या घराचं अधिकृत धोरण होतं. ते सोफेवाल्यांनी स्वतःच ठरवलेलं, आणि या विषयावरचा सगळा पुरावा ते झोपेत असताना गोळा होत असल्यामुळे त्यांचा अभ्यास थोडा कच्चा राहिला होता.

सोफेवाले म्हणजे जुने सोफे उसवून, आत नवा फोम भरून, वरून नवं कापड ठोकून देणारा माणूस. घराखालीच गाळा. त्यांची बायको कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायला बसे. गिऱ्हाइकं तिला चष्मेवाल्या बाई म्हणत. घरी तिचं नाव "अगं" एवढंच होतं. आणि एक लेक, नोकरीला लागून तीन वर्षं झाली तरी जिला घरात बबडी म्हणत.

धोरण क्रमांक दोन असं, की इंटरनेटनं जगाचं वाटोळं केलं. ते रोज जेवताना जाहीर होई.

"माणसं माणसांशी बोलेनाशी झालीत," सोफेवाले म्हणत. बाई काही बोलायला गेल्या की म्हणत, "थांब, माझं होऊ दे."

एका रविवारी दुपारी ते असे काही घोरले, की कपाटावरचा स्टीलचा डबा थरथरत कडेपर्यंत आला. बाई डोक्यावर उशी दाबून पडल्या होत्या. चार वाजता सोफेवाले उठले, जांभई दिली आणि म्हणाले, "डोळ्याला डोळा नाही लागला. तुमच्या मोबाईलची टुणटुण."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या भिंतीवरचा सर्वांत मोठं अक्षर न दिसणाऱ्या आणि तरी चष्मा नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत. पुढच्या रविवारी त्यांनी फोन नवऱ्याच्या उशाशी ठेवला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

संध्याकाळी तिघं जमल्यावर बाईंनी पुरावा वाजवला. सोफेवाल्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"मशिन आहे हे."

"कसलं मशिन?"

"कंप्रेसर. हल्ली काय, कॉम्प्युटरवर कसलेही आवाज काढतात. तुमच्या त्या इंटरनेटवर."

"मग इंटरनेटलाच विचारू," बबडी म्हणाली.

"विचार की. मी काय भितो?"

बबडीनं ते टाकलं. वर लिहिलं, 'माणूस की मशिन? प्रामाणिक मत द्या.'

पहिल्या दिवशी मेकॅनिक लोक जमले. एकानं लिहिलं, डिझेल इंजिन आहे, नोझल साफ करा. दुसऱ्याच्या मते हा लोडेड ट्रक होता आणि ड्रायव्हरला क्लच कशाशी खातात ते माहीत नव्हतं. तिसऱ्यानं हा माणूस महिनाभरही काढणार नाही असं निदान केलं आणि खाली एक उशी विकायला ठेवली. बाई दुकानात बसून हे वाचत इतक्या हसल्या, की समोरच्या माणसाच्या उजव्या डोळ्याचा नंबर त्यांनी डाव्याला लिहिला.

मग वेगळेच लोक येऊ लागले. कुणाचं तान्हं बाळ या आवाजानं गप्प झोपलं. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या एका नर्सनं लिहिलं, हे लावल्यावर रस्त्याचा गोंगाट ऐकूच येत नाही. आणि एका बाईनं लिहिलं, 'आमचे हे अगदी असेच घोरायचे. ते गेल्यापासून घर इतकं शांत असतं की झोप येत नाही. काल हे लावून फोन उशीखाली ठेवला. एकदम सकाळीच जाग आली.'

हे वाचून बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि उगाचच काचा पुसत बसल्या.

"काय म्हणतायत लोक?" सोफेवाल्यांनी रात्री विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण चपाती हातात तशीच राहिली होती.

"हजारोंनी ऐकलं, बाबा," बबडी म्हणाली.

"माणूस म्हणतात की मशिन?"

"माणूस."

"मग मी कुठे नाही म्हटलं होतं?"

त्या दिवसापासून सोफेवाले हवेत गेले. सकाळी दात घासायच्या आधी विचारत, "काल किती झोपले?" थंड पाणी बंद केलं, घसा जपायला. झोपायच्या आधी गुळण्या. कुशीवर आवाज दबतो म्हणून ते ताठ उताणे झोपू लागले, हनुवटी वर, एखाद्या मोठ्या गवयासारखी. बबडीनं छोटासा माईक आणला. तो सोफेवाल्यांनी कापडाच्या चिंधीनं स्वतः पलंगाला बांधला, आणि बाईंना ताकीद दिली, "खोकायचं असेल तर बाहेर."

आणि झालं असं, की त्यांना झोपच येईना. ज्या माणसाला दाढी करता करता डुलकी लागायची, तो छताकडे डोळे लावून पहाटेपर्यंत माईकशेजारी ताटकळत पडून राहू लागला. झोप नाही, म्हणून घोरणं नाही. घरात अशी शांतता पसरली, की नळाचा थेंबही ऐकू येई.

शेवटी त्यांनी शहाणपणा केला. जागेपणी घोरले. बबडीनं नको नको म्हणत ते टाकलं. तासाभरात खाली पहिलं वाक्य आलं, 'हा माणूस जागा आहे.'

सोफेवाल्यांना हे जिव्हारी लागलं. आयुष्यभर मोबाईलला नाक मुरडणाऱ्या माणसानं लेकीकडून टायपिंग शिकून घेतलं आणि गाळ्यात बसून एका बोटानं भांडायला सुरुवात केली. समोर एका गिऱ्हाइकाचा तीन माणसांचा सोफा पोट फाडून पडलेला, स्प्रिंगा बाहेर, आणि हे कुणा अनोळखी माणसाला लिहितायत, 'तुला झोपेतलं काय कळतं रे.' त्यानं उत्तर दिलं, 'काका, आराम करा.' 'काका' वाचून सोफेवाले दिवसभर जेवले नाहीत.

बाईंचे वेगळेच हाल चालले होते. इतकी वर्षं ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तो नाही म्हणून त्यांनाच झोप लागेना. शेजारी नवरा जागा, आपण जाग्या, मधे तो माईक. ही लाज कुणाला सांगायची? त्यांनी लेकीचे इयरफोन मागून घेतले, आणि जुनं पहिलं रेकॉर्डिंग लावून गुपचूप झोपू लागल्या.

पुढच्या रविवारी दुपारी दोघं पडलेले असताना सोफेवाल्यांनी मान वळवली.

"काय ऐकतेस?"

"बातम्या."

"डोळे मिटून?"

त्यांनी तिच्या एका कानातला इयरफोन ओढून स्वतःच्या कानात घातला. मग ते हलले नाहीत. दोघं छताकडे बघत, एकेका कानानं, सोफेवाल्यांना ऐकत राहिले.

"मधेच बंद पडतो," ते बऱ्याच वेळानं म्हणाले.

"हो. तिथे मी तुमच्या नाकापाशी बोट धरते. वाटतं, गेले. मग परत सुरू होतं."

"रोज?"

"रोज."

"मग उठवायचं ना मला."

"उठवलं की म्हणता, मी जागाच होतो."

सोफेवाले कानातला इयरफोन नीट बसवत हळूच म्हणाले, "ती एक बाई आहे बघ, तिचे मिस्टर गेले ती. परवा तिनं लिहिलंय, रेकॉर्डिंग छोटं आहे, संपलं की जाग येते. मोठं मिळेल का." मग शाळेत पाठांतर विसरलेल्या मुलासारखं तोंड करून म्हणाले, "मला येतच नाही गं आता."

बाईंनी उठून पलंगाचा माईक सोडला आणि चिंधीसकट बबडीच्या टेबलावर नेऊन ठेवला. "बास झालं," त्या म्हणाल्या. बबडीनं पुढे काही टाकलं नाही. सोफेवाल्यांनी स्वतःच भांडण सोडलं. 'काका' म्हणणाऱ्याला शेवटचं लिहिलं, 'ठीक आहे.' आणि सोफ्याचं काम हातात घेतलं, कारण सोफ्याचा मालक आता दिवसातून दोनदा फोन करून शब्दांची निवड बदलत चालला होता.

दोन दिवस त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई घरी निघाल्या, तर आवाज कोपऱ्यापासूनच येत होता. समोरचा इस्त्रीवाला हसत म्हणाला, "सुरू झालं बघा, बाई."

गाळ्यात सोफेवाले नव्या कोऱ्या कापडाच्या सोफ्यावर आडवे झाले होते. एक पाय खाली, हातात हातोडी तशीच, तोंड उघडं, आणि आवाज असा, की डब्यातले खिळे वाजत होते. बाईंनी फोन काढला आणि त्यांच्या तोंडाजवळ धरला. हाताला रग लागली तेव्हा हात बदलला. मधे सोफ्याचा मालक दारात आला, पूर्ण तयारीनं, तोंड उघडून. बाईंनी ओठांवर बोट ठेवून असे डोळे वटारले, की तो मुकाट्यानं आत येऊन खुर्चीत बसला. आपल्याच सोफ्यावर झोपलेल्या माणसाकडे तो रागानं बघत राहिला. हळूहळू त्याची हनुवटीही छातीला टेकली.

ते रेकॉर्डिंग बाईंनी जगाला दिलं नाही. बाकीच्या हजारोंनी आपापले नवरे बघावेत, असं त्यांचं मत पडलं. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही. त्या एका बाईला तेवढं पाठवलं. खाली लिहिलं, 'पूर्ण तासाचं आहे. खरं आहे. मी समोर होते.'

उत्तर दुसऱ्या दिवशी दुकानात असताना आलं.

'झोप छान लागली. आमच्या यांची मधे एक शिट्टी असायची, ती यात नाही. पण चालेल.'

बाईंनी लिहिलं, 'शिट्टी श्वास घेताना की सोडताना?'

'सोडताना. कुकरसारखी. मी इतकी चिडायचे, एकदा पाणी ओतलं होतं तोंडावर.'

'मी नाक दाबलं होतं.'

'मग?'

'मग काय. मी जागाच होतो, म्हणाले.'

पलीकडून आधी हसणारे चेहरे आले, एकामागून एक. मग आलं, 'आमचेही हेच म्हणायचे.'

बाई लिहीतच राहिल्या. समोर खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकानं नाकावर ती जड चाचणीची फ्रेम सांभाळत भिंतीवरची अक्षरं वरून खाली वाचली, खालून वर वाचली, आणि शेवटी कुणी विचारत नाही असं बघून स्वतःच जाहीर केलं, "मला वाटतं, मला बरं दिसतंय."

"बसा हो पाच मिनिटं," बाई फोनवरून नजर न काढता म्हणाल्या, "इथे एक महत्त्वाचं बोलणं चाललंय."